मानेवर त्याच जागी पुन्हा पुन्हा पुळ्या: सेफ्टी रेझर की वस्तरा?

उजव्या जबड्याखाली, कंठमण्यापासून दोन बोटं बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा आहे. तीन वर्षं या जागेनं मला पिडलं. सोमवारी सकाळी दाढी, बुधवारी तिथं चार-पाच पुळ्या, गुरुवारी कॉलर घासून त्यातली एखादी फुटलेली, आणि रविवारपर्यंत जरा बसतंय म्हणेपर्यंत पुन्हा सोमवार उजाडलेला. डावी बाजू मात्र साफ.

कुणी म्हणालं अंगात उष्णता आहे, ताक पी. कुणी म्हणालं तांबडा रस्सा बंद कर. कोल्हापुरात राहून रस्सा सोडायचा म्हणजे काय शिक्षा असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण महिनाभर तेही करून पाहिलं. पुळ्यांनी दाद दिली नाही.

मग मी हत्यारं बदलायला लागलो. तीन पात्यांचं काडतूस, म्हणजे पात्यांचं डोकं बदलायचा रेझर, टाकून सेफ्टी रेझर घेतला. सेफ्टी रेझरनं भागेना म्हणून आजोबांचा वस्तरा ट्रंकेतून काढला. मधल्या काळात दोन महिने सलूनमध्येच दाढी करून घेतली. प्रत्येक वेळी पहिला आठवडा बरा जायचा, आणि नंतर पुळ्या आपल्या जागेवर हजर. आता सहा-सात महिने झाले, ती जागा शांत आहे. कशानं शांत झाली ते लिहितो, कारण हत्यार बदलून प्रश्न सुटेल या आशेवर मी जेवढे पैसे घातले तेवढे दुसऱ्या कुणी घालू नयेत. खरं तर मी आधी पुळी नीट बघायला हवी होती. ती कोणत्या दिवशी उगवते आणि दिसते कशी, यावरून निम्मं निदान होतं.

पुळी कोणत्या दिवशी आली?

दाढी केल्यावर पाच-दहा मिनिटांत कातडी लाल होऊन आग होत असेल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती जात असेल, तर ती पुळी नव्हेच. ते कातडीचं खरचटणं आहे. पात्यानं केसांबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही नेला. याची कारणं ठरलेली: दाबून फिरवणं, एकाच जागेवरून चार-चार वेळा हात मारणं, फेस वाळलेला असणं किंवा ब्लेड बोथट होणं.

दाढीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टणक, दुखरी पुळी आली आणि उजेडात आरसा धरून पाहिलं तर आत काळी रेघ किंवा केसाचं वेटोळं दिसलं, तर केस आत वळलाय. दाढीचा केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटरच्या मध्ये कुठंतरी वाढतो, म्हणून हा त्रास लगेच न दिसता दोन दिवसांनी दिसतो. कुरळा किंवा आडवा उगवणारा केस तिरपा कापला गेला की त्याचं टोक सुईसारखं होतं. मग तो एकतर बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या कातडीत शिरतो, नाहीतर कातडीच्या पातळीखाली कापला गेला असेल तर बाहेर न येता आतल्या आतच भिंतीत घुसतो. शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि तिथं सूज येते.

तिसरा प्रकार म्हणजे केसाच्या मुळाशी पिवळं टोक असलेले बारीक फोड, खाज, आणि एकाचे चार होत जाणं. हा जंतूंचा संसर्ग. ओलं राहिलेलं रेझर, बाथरूममध्ये महिनोन् महिने टांगलेला टॉवेल किंवा दुसऱ्याच्या तोंडावरून फिरलेला ब्रश यांतून तो येऊ शकतो.

चौथा प्रकार आपल्या जिल्ह्यात ध्यानात ठेवायला हवा, कारण इथं घराघरात गोठा आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध मिळतं ते उगाच नाही. जनावरांच्या अंगावरचा गजकर्ण माणसाच्या दाढीत येऊ शकतो. एका बाजूला हळूहळू पसरणारा लाल चट्टा, वर खपल्या, आणि ओढला तर केस सहज हातात येतो. असं असेल तर रेझर बदलून काहीही होणार नाही. कातडीच्या डॉक्टरांकडे जावं लागतं आणि बहुतेक वेळा पोटातून औषध घ्यावं लागतं. मेडिकलमधून मनानं आणलेली स्टिरॉइडची मिश्र मलमं यावर अजिबात लावू नका. लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि बुरशी खाली मजेत वाढत राहते.

माझं दुखणं कोणतं? इथंच मी तीन वर्षं फसलो. मला पहिलं आणि दुसरं, दोन्ही होती, आणि मी दोघांनाही ‘पुळ्या’ म्हणत होतो.

काडतुसापासून सुरुवात

दोन पात्यांचं पहिलं काडतूस १९७१ मध्ये बाजारात आलं. त्यामागची युक्ती अशी की पहिलं पातं केस कापता कापता थोडा वर ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. मग केस कातडीच्या पातळीखाली जातो. गाल असा गुळगुळीत लागतो की बायकोही विचारते, आज काय विशेष? सरळ केसांच्या माणसाला यात तोटा नाही. पण मानेवर ज्याचा केस वळणाचा आहे, त्याच्यासाठी ही सोयच दुखण्याचं मूळ. काडतूस सोडल्यावर माझ्या पुळ्या निम्म्या झाल्या होत्या. राहिलेल्या निम्म्यांनी मला पुढं फिरवलं.

सेफ्टी म्हणजे काय सेफ

एकाच ब्लेडचा, तीन भाग सुटे होणारा रेझर घेतला. वर टोपी, मध्ये दोन्हीकडं धार असलेलं ब्लेड, खाली पात्याला अडवणारी पट्टी आणि दांडी. वडील पन्नास वर्षं यावरच दाढी करतायत, टोपाझ नाहीतर सेव्हन ओ’क्लॉकचं पाकीट किराणावाल्याकडून आणून. मी ते जुनाट समजून सोडलं होतं.

‘सेफ्टी’ हा शब्द फेकायच्या ब्लेडांच्याही आधीचा आहे. १८८० मध्ये अमेरिकेत केम्फे बंधूंनी पात्याला आडोसा लावलेला रेझर काढला, पण त्याचं पातं वस्तऱ्यासारखंच जाड होतं आणि त्याला धार लावत बसावं लागायचं. किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ पत्र्याचं, वापरून फेकायचं ब्लेड आणलं. इतका पातळ पत्रा कडक करून धारदार कसा ठेवायचा, हे कोडं विल्यम निकर्सन यांनी सोडवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सामानात रेझर गेल्यावर वस्तऱ्याचे दिवस भरले.

पण ही सुरक्षा नेमकी कशापासून? गळा चिरण्यापासून. ती पट्टी पातं किती खोल जाईल ते अडवते, बस्स. खरचटण्यापासून ती वाचवत नाही. उलट ती आहे म्हणून माणूस बिनधास्त दाबतो. काडतुसाची सवय असलेला हात तर जास्तच, कारण काडतुसाची मान लवचिक असते आणि दाब खपून जातो. सेफ्टी रेझरला स्वतःचं वजन असतं. ते पुरतं. टोपी गालाला टेकवायची, दांडी हळूहळू खाली आणायची, आणि केस कापल्याचा खर्र आवाज आला की तो कोन धरून ठेवायचा. दांडी साधारण तीस अंशांत येते, पण आकड्यापेक्षा आवाजावर विश्वास ठेवावा. हे कळायला मला दीड महिना लागला आणि तोवर मान रोज भाजल्यासारखी असायची.

त्यातच एक गंमत सापडली. माझ्या रेझरची एक बाजू लागायची, दुसरी गुळगुळीत चालायची. मी हाताला दोष देत होतो. एकदा ब्लेड बसवून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरला तर एका बाजूला ब्लेड जास्त बाहेर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम. तीन भागांच्या रेझरमध्ये हे सर्रास होतं. उपाय साधा: टोपी पालथी करून त्यावर ब्लेड ठेवायचं, वर पट्टी ठेवायची, दोन बोटांनी ब्लेडच्या बिनधारेच्या कडा धरून सगळं दाबून ठेवायचं आणि मगच दांडी आवळायची. दोन्हीकडं सारखी फट दिसली की झालं. नवं ब्लेड घातल्यावर एकाच बाजूनं आग होणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

ब्लेडबद्दल एवढंच सांगतो की चार-पाच दाढ्यांनंतर ते टाका. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी पोलादाची धार मोडतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की वाकलेला केस तिरपा कापला जाताना धारेचे बारीक टवके उडतात. धार झिजून बोथट होण्यापेक्षा अशी टवके उडूनच जास्त खराब होते. म्हणून ब्लेड डोळ्यांना चकचकीत दिसतं आणि गालाला करवतीसारखं लागतं. आणि ते टॉवेलनं पुसू नका. पाण्यात हलवा, झटका, उभं ठेवा.

एवढं करून आग थांबली. बुधवारच्या पुळ्या राहिल्या.

आजोबांचा वस्तरा

इथं मला स्वतःवर हसू येतं. सेफ्टी रेझरनं जमत नाही म्हटल्यावर डोक्यात आलं की जुन्या लोकांना कुठं पुळ्या यायच्या? त्यांना यायच्या की नाही हे विचारायला ते लोक आता नाहीत, पण आपल्या मनात जुनं ते सोनं ठरलेलं असतं. ट्रंकेत आजोबांचा वस्तरा होता, पात्यावर गंजाचे ठिपके, काळी मूठ.

गंज निघाला, पण धार लावायचं काम येरागबाळ्याचं नाही. चाकूसारखा कोन हातानं धरायचा नसतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवूनच तो फिरवायचा, कारण पाठीच्या जाडीनंच धारेचा कोन ठरलेला असतो. मी पहिल्या दिवशी पाठ उचलली आणि होती तीही धार घालवली. मग चामड्याचा पट्टा. तो घ्यायला चप्पल लाइनला गेलो. कोल्हापुरात चामड्याला काय तोटा! बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वस्तऱ्याला चांगलं मानवतं, फक्त तेल न पाजलेलं मागा. दुकानदारानं विचारलं, “कशाला पायजे?” मी म्हटलं, वस्तऱ्याला. तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी टांग्याचं चाक मागितलंय.

पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा, धार मागून यायला हवी. टोकाला पोचल्यावर पाठीवरच पलटायचा, धारेवर नाही. मी तो पट्टा दोनदा कापला. दाढीआधी पंचवीस-तीस वेळा फिरवायचा, कारण पट्ट्यानं पोलाद खरवडायचं नसून वाकडी झालेली धार सरळ करायची असते. एवढं सगळं सकाळी सातला, ऑफिसची घाई असताना.

आता दाढीचं. वस्तऱ्यानं मला जे शिकवलं ते सेफ्टी रेझरनं शिकवलं नव्हतं: दाबायचंच नाही. वस्तऱ्यावर दाब दिला तर तो पुळीची वाट बघत नाही, तिथल्या तिथं रक्त काढतो. भीतीनं हात हलका झाला. खरचटणं संपलं ते कायमचं. गालावरची दाढी अशी झाली की मी दोन दिवस आरशासमोर रेंगाळलो.

आणि मानेवरच्या पुळ्या वाढल्या. कमी नव्हे, वाढल्या.

मामांनी दाखवलं

मंगळवार पेठेत एक जुनं सलून आहे. तिथल्या मामांनी माझ्या वडिलांचीही दाढी केलीय. धोकटी घेऊन वाड्यावाड्यात जाणाऱ्या घराण्यातले ते. वस्तरा घेऊन त्यांच्याकडं गेलो, म्हटलं मामा, धार चुकतीय का बघा.

त्यांनी वस्तऱ्याकडं बघितलंच नाही. माझी हनुवटी वर केली, दोन दिवसांच्या खुंटांवरून अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर, मग कानाकडून कंठाकडं.

“आरं, हितं तुझा केस आडवा हाय. तू उभा हात मारतोयस न्हवं?”

मी म्हटलं, केसांच्या दिशेनंच मारतो, वरून खाली.

“गालावर खाली जातो म्हणून मानंवर बी जातोय व्हय? डावीकडं सुलट हाय, उजवीकडं भोवरा हाय. कंठाकडनं कानाकडं चाललाय बघ.”

अंगठ्यानं स्वतःच तपासून पाहिलं. बरोबर होतं. डाव्या बाजूला हात वरून खाली गेला की गुळगुळीत. उजव्या बाजूला त्या नाण्याएवढ्या जागेत कंठाकडून कानाकडं गुळगुळीत, आणि बाकी तिन्ही बाजूंनी खरखरीत. म्हणजे मी तीन वर्षं उजवीकडं ‘सुलट’ समजून केसांना आडवा जाणारा उभा हात मारत होतो, आणि राहिलेलं साफ करायला पुन्हा खालून वर उलटा हात. डावी बाजू साफ राहायची याचं गुपित एवढंच.

“आणि कातडं वढतोस?” मामांनी विचारलं.

ओढायला लागतंच की! वस्तरा सैल कातडीवर चालत नाही. कातडी गोळा होते आणि कापते. मी डाव्या हातानं मान अशी ताणायचो की ढोलकी.

“मग केस आतच जाणार. सोडलं की कातडं वर येतंय, केस खाली ऱ्हातोय.”

हे पुढं मला डॉक्टरांनीही सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत. कातडी ताणून कापलं की केस बाहेर खेचलेला असतो. ताण सोडला की तो पातळीखाली जातो. सरळ केस परत सरळ वर येतो, वळणाचा येत नाही. काडतुसात दुसरं पातं जे करतं, तेच वस्तऱ्यात माझा डावा हात करत होता. वस्तऱ्यानं माझं खरचटणं बंद केलं आणि आत वळणारे केस वाढवले. सेफ्टी रेझरनं आत वळणारे केस कमी केले, पण दाबायची मुभा देऊन खरचटवलं. दोन हत्यारं, दोन वेगळी दुखणी, आणि जागा एकच असल्यामुळं मला ती एकच वाटत होती.

मग घ्यायचं काय?

खरचटणं, आग, लाली हा तुमचा त्रास असेल तर हत्यार कोणतंही चालेल, हात हलका हवा. वस्तरा तो हलका करतो, पण त्यासाठी वस्तराच घ्यायला हवा असं नाही. सेफ्टी रेझरची दांडी अगदी टोकाला, दोन बोटांत धरा. दाबता येतच नाही.

आत वळणारा केस हा त्रास असेल तर मानेपुरता वस्तरा सोडा. सेफ्टी रेझर कातडी न ताणता चालतो, हा त्याचा खरा फायदा. तोही ब्लेड आणि पट्टीमध्ये कमी फट असलेला, मवाळ घ्या. दात्यांचा, जास्त उघड्या ब्लेडचा रेझर जंगल तोडायला चांगला, मानेला नाही. आणि मान गुळगुळीत करायचा हट्ट सोडा. हे मला सगळ्यात जड गेलं. सुलट एक हात, फार तर फेस लावून पुन्हा सुलट एक हात, आणि बोटाला थोडं खरखरीत लागलं तर लागू दे. फार हट्टी दुखणं असेल तर डॉक्टर ट्रिमरनं एक मिलिमीटर केस ठेवायला सांगतात. त्यातही कमीपणा नाही.

सलूनमधला वस्तरा हा तिसराच प्राणी. हल्ली तिथं खरा वस्तरा नसतो, ब्लेडचा अर्धा तुकडा घालायचा असतो. त्याला पट्टा लागत नाही, पण तो वस्तऱ्याइतकाच कातडी ताणायला लावतो आणि वजनाला हलका असल्यामुळं जास्त बोचतो. मला त्या दोन महिन्यांत तिसऱ्या प्रकारचे, पिवळ्या टोकाचे फोडही आले होते. ते सलून कोणतं ते सोडा, पण तिथं ब्रश आणि तुरटीचा खडा सगळ्यांना एकच होता. नवं ब्लेड डोळ्यांसमोर पाकिटातून काढायला लावा, संकोच करू नका. जुन्या ब्लेडवरच्या न दिसणाऱ्या रक्तातून काविळीचे बी आणि सी विषाणू जाऊ शकतात. एचआयव्हीचा धोकाही असतो. तुरटी स्वतःची न्या, नाहीतर नको म्हणा. आणि “उलटा हात मारू का?” असं विचारलं की मानेवर नाही म्हणून सांगा.

पाण्याची भानगड

हे मी जवळजवळ विसरलोच होतो. त्रास सुरू झाला तो शिवाजी पेठेतून पाचगावच्या बाजूला फ्लॅटवर राहायला गेलो त्या वर्षी. पेठेत नळाला पंचगंगेचं पाणी होतं, सह्याद्रीतून उतरलेलं. इथं बोअर. नळाच्या तोंडावर पांढरा थर, गिझर खोलला तर आत चुनखडी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट मळी होते, फेस होत नाही. झालेला फेस मिनिटात बसतो, आणि बसलेल्या फेसावरून रेझर म्हणजे कोरड्या कातडीवरून रेझर.

तपासायला काही लागत नाही. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं. दोन्हींत किसलेल्या साबणाची चिमूटभर पूड टाकून जोरात हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. माझ्या बोअरच्या बाटलीत वर दुधट साय आणि फेस शून्य, दुसरीत गळ्यापर्यंत फेस. दाढीला एक तांब्या पाणी पुरतं, म्हणून आता तेवढं फिल्टरचं गरम करून घेतो. ब्रशनं फेस करताना तर चमचा-दोन चमचेच लागतं.

गरम पाण्याचं दुसरं काम केस मऊ करायचं. कोरडा केस कडक असतो, पाणी प्यायला की फुगून मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. दोन-तीन मिनिटं लागतात. अंघोळीनंतर दाढी केली तर ही मिनिटं फुकट मिळतात. मी आयुष्यभर अंघोळीआधी दाढी करत आलो, कारण वडील तसं करतात.

सध्या काय करतो

सुरुवातीला पूर्ण महिना मानेला हात लावला नाही. ट्रिमर फिरवायचा, बस्स. आत वळलेले केस वाढून आपोआप बाहेर येतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं रोज रात्री ठेवायचो. ज्याचं वेटोळं वर दिसायला लागलं, तो स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं अलगद उचलून बाहेर काढला. उपटला नाही. उपटला की नवा केस त्याच भोकातून पुन्हा आतच वळून येऊ शकतो. ऑफिसात विचारलं, नवस बोललायस काय? म्हटलं, व्हय, जोतिबाला.

आता आठवड्यातून तीनदा दाढी. गालावर हवं तसं, मानेवर सुलट. उजवीकडच्या भोवऱ्यात रेझर आडवा धरून कंठाकडून कानाकडं, कातडी न ताणता, छोटे छोटे हात. शेवटी तुरटी ओली करून फिरवतो, आणि तुरटीचा एक उपयोग कुठल्या डब्यावर लिहिलेला नसतो तो सांगतो. ती जिथं चरचरते तिथं तुम्ही जास्त खरवडलंय. पहिले पंधरा दिवस मी रोज आरशासमोर उभं राहून कुठं चरचरतंय ते ध्यानात ठेवलं आणि दुसऱ्या वेळी तिथं हात हलका केला. मिनिटभरानं धुऊन टाकायची, नाहीतर कातडी कोरडी पडून खाज सुटते.

वस्तरा टाकला नाही. रविवारी कल्ल्यांची आणि मिशीखालची रेघ त्यानंच काढतो. त्या कामाला दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही. पण पावसाळ्यात त्याला सांभाळावं लागतं. जुलैत आमच्याकडं काडेपेटी पेटत नाही, तिथं साधं पोलाद काय टिकणार? पुसून, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून बाथरूमबाहेर कपाटात ठेवतो. धारेवर गंजाचा एक ठिपका पडला की पुन्हा दगडाकडं जावं लागतं, आणि दगडासाठी मला मामांकडं.

मागच्या पंधरवड्यात एकदा घाईत जुन्या सवयीनं उभा हात गेला. तिसऱ्या दिवशी एक पुळी, बरोबर त्याच जागी. त्या जागेला आठवडाभर सुट्टी दिली. केस वर आला आहे, उद्या आडवा हात मारीन.